उजवा खांदा

मेडिकल चौकाच्या मागे हेडाऊचं दुकान.
त्याने तीन सायकली उन्हात काढून ठेवल्या माझ्यासाठी,
तिन्ही बिनदांडीच्या.
गुडघा आता दांडीवरून जात नाही,
साडी तर कधीच जात नव्हती.

पहिली जांभळी, पुढे बास्केट, सीटखाली दोन गलेलठ्ठ स्प्रिंगा.
बसले तर सोफ्यासारखी खाली गेली.
सिमेंट रोडचे सांधे एरवी मणक्यात मोजता येतात,
हिच्यावर नुसतं हूं, हूं.
पण पायडलचा निम्मा जोर स्प्रिंगाच खातात,
आणि वळताना पुढचं चाक निघून जातं,
मागचं विचार करून येतं.
हेडाऊने बास्केटमध्ये एक कोहळं ठेवून पाहिलं:
हँडल मान हलवायला लागलं,
नको नको.
"मधला नळा नाही ना जी, अंग पिळते तिचं."

दुसरी ॲल्युमिनियमची, सात गिअरची.
एका हाताने उचलली. या वयात असं काही उचलता येतं
म्हणून दोनदा उचलली.
अजनीच्या पुलाचा चढ ती बोलत बोलत चढली,
मीच गप्प होते.
उतारावर मात्र भीती वाटली.
मनात वळायचं आलं की ही वळलेली असते,
शिंक आली तर गल्ली बदलेल.

आणि दोघींची एक खोड सारखी:
दोघी उजवीकडे ओढतात.
जांभळीने आपली बसच्या दारापर्यंत नेलं मला,
ड्रायव्हर म्हणाला, बाई, तिकीट काढता का?

हेडाऊ काही बोलला नाही.
तिसरी उलटी केली. तिसरी माझीच.
काळी, बावीस इंची, सळीचे ब्रेक, साडीची जाळी,
एक्क्याऐंशी साली पगारातून हप्त्याने घेतलेली.
जड. वळायला अर्धा चौक लागतो तिला,
पण सरळ रस्त्यावर डोळे मिटावेत
आणि घर यावं.
एकदा मिटलेही होते.

त्याने मागच्या चाकापासून मुठीपर्यंत सुतळी ताणली,
एक डोळा बारीक केला.
"चिमटा वाकला आहे. दोन बोटं, डावीकडं.
जुना मार आहे, बाई. कुठं आपटली होती?"

कुणाला सांगितलं नव्हतं.
सलग तिसरी नाईट, पहाटेचे साडेपाच,
याच पुलाचा कठडा.
पदर झटकला, चेन बसवली, घरी जाऊन पोळ्या केल्या.
सायकल त्या दिवसापासून डावीकडे झुकत होती,
मी त्या दिवसापासून उजवीकडे दाबत होते,
आणि दोघी मिळून सरळ जात होतो
अडतीस वर्षं.

ब्लाऊज शिवणारी खापेकरीण दरवेळी टेप खांद्यावर धरून म्हणायची,
ताई, उजवा अर्धा इंच खाली आहे.
वॉर्डात म्हणायचे, सलाईनचे खोके उचलून झालं असेल.
मीही म्हणायचे, असेल.

म्हणजे त्या दोघी ओढत नव्हत्या.
त्या सरळच होत्या बिचाऱ्या.

"करू का सरळ?" हेडाऊच्या हातात लोखंडी पाईप.
पाच मिनिटांचं काम.
मी म्हटलं, निम्मा कर.
"निम्मा कसा करतात जी?
सरळ तरी राहते, वाकडा तरी राहते."
मग राहू दे मंगळवारपर्यंत, मी म्हटलं,
आणि त्या जांभळीची बास्केट
सुटी मिळते का, ते विचारलं.