मिसळणाचा डबा

हळद-तिखट बरण्यांत काढून
मिसळणाच्या सात वाट्या मी मगनच्या सात वारांना दिल्या.
पट्टी कात्रीने कापते, गोळी उघडी पडू देत नाही,
तरी बुधवारच्या वाटीला अजून हिंगाचा वास आहे.
सकाळी एक, तलफ मारायची.
रात्री दोन, मन ताळ्यावर ठेवायच्या.
डॉक्टर म्हणाले, हाही एक क्षारच, बाई, मिठासारखा.
मी म्हटलं, मग डबा बरोबर निवडला.

धुळ्याच्या केंद्रातून त्याला अमळनेरला आणलं
त्याला चौदा महिने झाले.
चौदा महिने रिकाम्या पट्ट्या मोजते,
वहीत बरोबरची खूण करते,
आणि चाळिशी उलटलेल्या भावाला
जीभ वर करायला लावते,
ज्याला कडेवर घेऊन मी बोरीच्या वाळूत टरबुजं राखली.
तो तोंड उघडतो.
तेवढा वेळ आम्ही दोघंही भिंतीकडे बघतो.

मे महिन्यात डाळमिलचा पत्रा
दुपारी हात लावू देत नाही.
तिथे तो पोत्यांची तोंडं शिवतो.
पाण्याचा ड्रम दोनलाच तळाला जातो.
त्या सोमवारी तो लवकर परत आला,
ओट्यावर तिरपं पाऊल पडलं,
फुलपात्र धरताना पाणी सदऱ्यावर.
जीभ जड.
सगळं माझ्या ओळखीचं,
एकोणीस वर्षांच्या ओळखीचं.

मी त्याचं तोंड हुंगलं.
सदरा हुंगला, सायकलची पिशवी,
जळतणामागची जागाही उलथली.
"मी पेयेल नही शे, अक्का."
पिणारा प्रत्येक जण याच वाक्याने सुरुवात करतो,
हे मी त्याला मोठ्याने सांगितलं, शेजारी ऐकू जाईल असं.
आणि शेवटी म्हटलं, मरी जाय मंग.
दाभण त्याने खिशातून काढून
माझ्यासमोर ठेवलं.
म्हणाला, दोरा ओवाले जात नही.

रात्री पाच वेळा परसाकडे.
सकाळी रक्त दिलं, संध्याकाळी कागद आला:
एक पूर्णांक सहा.
डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले.
दारू नाही. औषधच रक्तात साचलंय.
घाम किती, पाणी किती, ताक पितो का?
आणि दुसरी काही गोळी?
नाही, मी म्हटलं,
वही पुढे सरकवली, एकही खूण चुकलेली नाही.

मगन सलाइनखाली पडला होता.
त्याने माझ्याकडे बघितलं
आणि काही बोलला नाही.

तेव्हा आठवलं.
शुक्रवार, शनिवार, रविवार.
त्याची कंबर धरली होती.
माझ्या गुडघ्याची लाल गोळी,
बटव्यात सुपारीशेजारी असते,
मीच दिली होती, जेवणावर, तीन दिवस, दोन-दोन.
ती मी औषधात धरलीच नव्हती.
ती माझी होती.

डॉक्टरांना सांगितलं.
सांगताना पदर तोंडाला लावला होता,
त्यांनी दोनदा विचारलं, काय म्हणालात?

आठ दिवस रात्रीच्या दोन्ही बंद.
मग एकच, आणि दर पंधरवड्याला रक्त.
मिलमध्ये आता तो मोठी कॅन नेतो,
मुकादम हसतो, हसू दे.

हात अजून थोडा हलतो.
थोडा हलणारच, डॉक्टर म्हणाले, घाबरू नका.
दारूच्या हलण्याहून हे हलणं वेगळं आहे.
ते कसं ओळखायचं ते मी शिकतेय,
अजून येत नाही.

काल रात्री गोळी दिली,
सवयीने त्याने तोंड उघडलं.
मी म्हटलं, राहू दे.
तो म्हणाला, तुन्या गोळ्या दखाड, अक्का.
मी बटवा उपडा केला.
सुपारी, अडकित्ता, दोन नाणी, लाल पट्टी.
त्याने बोट ठेवून मोजल्या, सात,
आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं,
अक्षर थोडं हललेलं.

तो झोपल्यावर
मी त्याचीही रिकामी पट्टी मोजली.
राहू दे म्हटलं होतं, तरी.