तीन टक्के

माटुंग्याला, कामथेंच्या रसवंतीवर
चरकातून चौथ्यांदा निघालेलं चिपाड
मी पिशवीत भरते.
"रोज नेता. गाय पाळलीय का?"

गाय नाही. आम्ल आहे, चौसष्ट टक्के,
पंचेचाळीस अंशांवर पाऊण तास.
सैल होतं ते विरघळून जातं,
ताठ तेवढं उरतं:
डोळ्याला न दिसणाऱ्या काड्या,
पाण्यात निळसर धुकं.
आठवडाभर धुते, आंबटपणा जाईस्तोवर.

पॉलिमरमध्ये पाच टक्के घातलं तर गुठळ्या,
घाईच्या पिठल्यात होतात तशा.
एक टक्का म्हणजे नुसतं नाव.
तीन टक्क्यांची फिल्म
यंत्राच्या जबड्यात तुटेना,
आलेखाची रेघ चढतच राहिली,
नेरूरकरांचा चहा निवला.

संध्याकाळी एक तुकडा कामथेंना दिला.
त्यांनी ओढला, बारा वर्षं
ऊस लोटणाऱ्या दोन्ही मुठींनी.
फाटला नाही.
"आणि यात माझा ऊस कुठाय?"
ट्यूबलाइटपुढे धरून बघत राहिले.
मी सांगणार, तोवर
त्यांच्या ओल्या बोटांखाली
कड मऊ पडली,
अंगठ्याला चिकटली.
ते ओशाळले. मीही.

रात्री वहीत
ताकदीचा आकडा लिहिला,
आणि खाली:
उरलंय, पाणी.