तीन फूट

सीपीआर कार्डावर माझा पेशा लिहिलाय: ऑफिस असिस्टंट.
अठरा वर्षं तेच.
गुडघ्याला विचारा, तो वेगळं सांगेल.

मनामाला आले तेव्हा नऊ वर्षांची होते.
गुदेबियात दुसरा मजला, खाली इस्त्रीवाला.
अब्बा हिद्दच्या ड्रायडॉकमध्ये जहाजांचा गंज खरवडायचे
आणि घरी आल्यावर तासभर स्वतःची नखं.
वर्गात मला इंग्रजी समजेना,
म्हणून ॲग्नेस मिसनी मैदानावर काढलं.
बॉल हातात आला की टेकलेला पाय हलवायचा नाही,
तीन सेकंदांत बॉल सोडायचा.
बाकीच्या मुली धडपडल्या.
मला हसू आलं.
दाभोळच्या शाळेच्या अंगणात
लंगडीत एका दमात मी अकरा गडी मारले होते.

उंच, म्हणून गोलकीपर.
छातीवर दोन अक्षरं, जीके.
अब्बांनी विचारलं, जनरल नॉलेज?
आणि जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटले,
तहसीन जनरल नॉलेजमध्ये शाळेत पहिली.
मी दुरुस्त केलं नाही.

जीकेच्या वाट्याला मैदानाचा एक तुकडा येतो.
पलीकडे आपल्याच मुली गोल करतात, गळ्यात पडतात,
आपण रेषेवर थांबून टाळ्या वाजवायच्या.
रेषेवर चालतं.
पाय पुढे पडला की शिट्टी.

पहिले पैसे दुबईच्या क्लबने दिले.
सामन्याला चारशे दिर्हम, तिकीट त्यांचं, जेवण आपलं.
गुरुवारी रात्रीचं विमान, शुक्रवारी सामना,
शनिवारी करंगळीला फळी,
रविवारी नऊ बोटांनी बिलं टाइप.
फैसल साहेबांनी एकदाच विचारलं, दारात अडकली का?
हो म्हटलं.

मधे दोन स्थळं आली.
दुसऱ्याच्या आईने विचारलं, अर्धी चड्डी घालून खेळता?
म्हटलं, लेगिंग्ज.
लेगिंग्ज म्हणजे?
अम्मीने चहा आणला तो तसाच परत गेला,
साय धरलेला.

मग ते सिंगापूरचं.
संघाच्या यादीत माझं नाव होतं, सातवं.
पासपोर्ट भारताचा.
यादी पुन्हा टाइप झाली.
याद्या टाइप करणं माझं काम,
एक नाव काढायला किती वेळ लागतो
मला ठाऊक आहे:
तीन सेकंद.

रिफाच्या हॉलमध्ये काल शेवटचा सामना.
बाहेर जूनची रात्र, भिंतींनाही घाम.
आत एसी इतका की गुडघा आधीच आखडलेला.
समोर शूटर दिनिथी, सतरा वर्षांची.
तिच्या आईला मीच म्हटलं होतं, उंच आहे, पाठवा.
एक्केचाळीस एक्केचाळीस.
बॉल तिच्या हातात.
मी तिच्या पायापासून तीन फूट, मोजावं लागत नाही आता,
हात वर, टाचा उचललेल्या.
या खेळात रिंगमागे फळी नसते.
चुकलं तर आपटून परत येत नाही,
नुसतं पलीकडे जातं.

तिचं कोपर बाहेर होतं.
सहा वर्षं रोज तेच कोपर.
तोंडातून निघून गेलं,
एल्बो.
तिने कोपर आत घेतलं.

बॉल रिंगच्या कडेवरून दोनदा फिरला
आणि पडला.
आमच्या कॅप्टनने माझ्याकडे पाहिलं.
मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकले,
ती सुटलेली नव्हती.

घरी अब्बा जागे.
आता ते माझ्या व्हिसावर आहेत, कान गेलेत,
फ्रीजमधला बर्फ पंचात बांधून ठेवलेला.
किती मार्क पडले?
एक्केचाळीस.
त्यांनी पंचा गुडघ्यावर दाबला,
जरा जास्तच जोरात, गंज खरवडणाऱ्या हातांनी.
हरकत नाही, म्हणाले,
पेपर कठीण काढला असेल.