खंडनाची ढाल

लष्करच्या शाळेत दर डिसेंबरात
पागनीसबाई येतात,
रिक्षावाल्याशी पाच रुपयांसाठी हिंदीत भांडून.

कै. हेरंब पागनीस स्मृती ढाल,
उत्कृष्ट खंडनासाठी.
पितळेवर 'हेरंभ' कोरलंय. सव्वीस वर्षं.
दुरुस्त करू म्हटलं तर म्हणाल्या,
राहू दे, त्यानं यावरूनही वाद घातला असता.

मी घंटेवर. चार मिनिटांना एक, पाचला दोन.
त्याच्या वेळीही मीच;
दोन झाल्या तरी तो बोलतच होता.

यंदा ढाल नाहीद कुरेशीला.
बाईंनी विचारलं, घरी उलट उत्तरं देतेस?
पोरगी गप्प.
देत जा, म्हणाल्या,
मी त्याला फार

आणि थांबल्या.
माझ्याकडे पाहिलं, वेळ संपली का म्हणून.
मी लोलक मुठीत धरून ठेवला.