उंबऱ्यापासून मोजलं तर

हरिपूर माझ्या पडद्यावर चारशे चौकोनांचं आहे.
एकेक चौकोन तीस मीटरचा,
पोटात एकच आकडा, समुद्रापासूनची उंची.
गिरणी, चिंच, उकिरडा, न्हाणीघरं,
सगळं मिळून पाचशे बेचाळीस पूर्णांक तीन.

रात्री संगणकात कृष्णा सोडते.
वरून धरणाचा विसर्ग, बाजूनं वारणा,
आणि चौकोन एकमेकांना विचारत बसतात,
तू खाली का मी?
जो खाली, त्याच्याकडं पाणी.
एवढंच त्यांचं व्याकरण.

उसाला घासणीचा वेगळा अंक द्यावा लागतो.
जूनचा ऊस गुडघ्याएवढा, पाणी त्याला विचारत नाही;
ऑगस्टचा ऊस खांदे लावून उभा राहतो.
मी अंक दिला, महिना विसरले.
पहिल्या तीन रात्री त्यातच गेल्या.

चौथ्या रात्री आयर्विन पुलाच्या पट्टीशी जमलं,
चार बोटांच्या फरकानं.
हरिपुरात मात्र दोन फूट जास्त.
मॉडेल म्हणालं, दाराच्या कडीपर्यंत.
दस्तगीर नदाफांच्या भिंतीवरची खूण म्हणाली,
कमरेपर्यंत.

टेप घेऊन पुन्हा गेले. तीच खूण, तोच आकडा.
"जिमिनीनं पिलं आसंल," ते म्हणाले,
"हितं समदं पोकळ हुतं, बाई. हळदीची पेवं.
तुमच्या चौकोनात हाईत काय?"

नाहीत.
उपग्रहाला पाठ दिसते, पोट दिसत नाही.

त्यांनी हातानं हवेत काढून दाखवलं:
तोंड माणूस मावेल एवढं, आत खोलीएवढा घेर,
भिंतीला पाला, वर माती, वर्षानुवर्षं हळद तशीच पिवळी.
"उघडलं की आदी कंदील सोडायचा दोरीनं.
इझला तर उतरायचं न्हाई.
मग व्यापारी किती का घाई करंना."

रात्री हिशेब केला.
सव्वाशे पेवं धरली, सगळी रिकामी धरली,
सगळी काठोकाठ भरू दिली.
पुरातल्या कृष्णेला ते सेकंदभराचं काम.
दोन फूट जागचे हलले नाहीत.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा टेप पिशवीतच राहिली.
चहाची बशी ठेवून दस्तगीर बाहेर आले,
दारातून वाकून.
माझ्याहून बुटका माणूस.

"दार एवढं ठेंगणं का हो?"
"दार हाय तेवडंच हाय.
पुरानंतर भराव टाकला, उंबरा वर घेतला."
किती, ते मी विचारलं नाही.

खूण मी नव्या फरशीपासून मोजली होती,
जमीन जुन्या नकाशातून घेतली होती.
खूण जागेवरच होती; शून्य तेवढं चढलं होतं.
गल्लीभर बघत गेले मग:
कुणी वीतभर, कुणी तीन पायऱ्या,
जितकी भीती, तितका मुरूम.
हे सगळे उंबरे कुठल्या फाइलीत असतात?

पेवांचा थर मी नकाशात तरीही ठेवलाय.
उत्तरात काडीचा फरक पडत नाही,
गणिताला सहा मिनिटं जास्त लागतात
आणि साहेब विचारतात, हे कशाला.

"मग यंदा कुटवर?" दस्तगीरांनी विचारलं.
मी म्हटलं, पाऊस किती, वरून किती सोडतात,
वारणेचं पाणी त्याच वेळी आलं तर...
"ते ऱ्हाऊ दे. हितं हात लावून दावा."

आतल्या भिंतीला हात लावला.
थोडा खाली घेतला. पुन्हा वर.
मी काढून घेण्याआधीच त्यांनी रेघ मारली.
खडू करंगळीला लागला.