मेळा उठल्यावर

फेब्रुवारी सरत आला की ग्वाल्हेरचा मेळा उठतो.
तंबूंचे खुंटे उपटतात, भोकं तेवढी मागे राहतात,
आणि मी यंत्र घेऊन निघतो. बायकोला सांगतो, फिरायला.
फिरायला खुरपं कशाला, हे तीही विचारत नाही.

यंत्र नवं होतं तेव्हा दिसेल तिथं लावलं.
मोटारींच्या दालनाची जागा: दोन तास, एक नटबोल्ट.
तिथं नाणी पडत नाहीत.
तिथून माणसं हप्ते ठरवून, खिसे घट्ट धरून घरी जातात.
मग सॉफ्टीवाल्यांची ओळ. झाकणं, झाकणं, झाकणं.
आता कानालाच कळतं. झाकण चिरकतं.
खिळा खोकतो.
सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद खोटं बोलतो, पण गोड बोलतो.
नाणं मात्र गोल वाजतं,
उलट बाजूनं फिरून आलं तरी तेच म्हणतं.

श्योपूरच्या छोट्या गाडीच्या खिडकीमागे
छत्तीस वर्षं तिकिटं दिली मी.
सुटे पैसे कोणत्या हातातून पडतात ते मला ठाऊक:
ज्या हातावर मूल असतं, त्या हातातून.
म्हणून खेळण्यांच्या दुकानांपुढची जमीन बरी.
आणि हा थंडीतला मेळा, इथं सावली शोधाल तर फसाल.
दुपारी तीनला ऊन कुठे पडत होतं ते आठवा,
तिथं माणसं बसली, पाय पसरले, खिसे आडवे झाले.

माझ्याही आधी, पहाटे, गुलफाम येऊन गेलेला असतो.
दहा-अकरा वर्षांचा. फुटक्या लाउडस्पीकरचं चुंबक
सुतळीला बांधून कुत्र्यासारखं मागे ओढत नेतो.
नवे रुपये, दोन रुपये उडी मारून त्याला चिकटतात.
जुनं नाणं चुंबकाला भुलत नाही, ते माझ्यासाठी थांबतं.
अशी आमची वाटणी. बोललो नाही कधी.

आकाशपाळण्याची जागा मी वर्षभर मनात जपली होती.
माणसं उलटीपालटी होतात, वरून पाऊसच पडला असणार!
तीन दिवस चाळली. एक हेअरपिन.
पाळणेवाल्याची वहीदा पत्रे मोजत होती, ती हसली.
बाबूजी, पाळण्याखालचं रोज रात्री मी झाडते,
माझ्याआधी सासू झाडायची.
शोधायचंच तर तिथं शोधा, म्हणाली,
जिथं बाप पाठ फिरवून पैसे मोजतो.

तिनं बोट दाखवलं ती जागा पाळण्यापासून वीस पावलं.
मी तिथं आधी उभा राहिलेलो आहे.
आम्ही तीन भावंडं, आई, आणि आप्पा पाठमोरे.
त्यांनी दोनदा मोजले.
मग वळून म्हणाले, वर वारा फार आहे आज.
आम्ही शेंगा खाल्ल्या.
पाळण्याच्या टोकावरचा झेंडा काठीला लोंबत होता.
मी तो पाहिला होता. बोललो नाही.

चकती फिरवली. वाजलं.
उलट फिरवली. तेच म्हणालं.
वीतभर खाली, कोळशाच्या राखेत, चार आणे.
सालाचे शेवटचे दोन आकडे झिजून गेलेले.
आप्पांचं असेल असं म्हणण्याइतका मी खुळा नाही.
इथं किती बाप उभे राहिले असतील,
थंडीनं बोटं बधिर, आणि हिशेब जुळत नाही.
खड्डा बुजवला, टाचेनं दाबला.

गुलफाम येऊन शेजारी उकिडवा बसला.
माझ्या तळहातावरच्या नाण्याला त्यानं चुंबक लावलं,
एकदा या बाजूनं, एकदा त्या.
चिकटलं नाही.
'नकली है,' तो म्हणाला, मला वाईट वाटू नये अशा आवाजात.
मी म्हटलं, हो.
आणि वरच्या खिशाचं बटण लावलं.