सत्त्याहत्तर कोण?

गोचा पोलंडला गेला. जाताना तारांच्या खोलीची किल्ली
माझ्या हिशेबाच्या वहीवर ठेवून गेला.
"फार काही नाही, त्सिउरीबाई," म्हणाला.

फार काही नाही म्हणजे
एकमेकींच्या झिंज्या धरून बसलेल्या दीडशे तारा,
एकीलाही नाव नाही,
जुना स्विच, त्याच्या जाळीत चिमणीची पिसं,
आणि भिंतीवर पेन्सिलीनं: याला हात लावू नका.
कशाला, ते नव्हतं लिहिलं.

आमचा कारखाना पाण्याचा.
डोंगरातून येतं, बाटलीत भरतं, कुताइसीला जातं.
मला एवढंच कळायचं,
कुठून आलं, कुठे गेलं, मधे कोणी मोजलं.
तारांचंही तसंच असेल असं धरून
एक्कावन्नाव्या वर्षी धुळाक्षरं गिरवायला घेतली,
रात्री, अक्रोड फोडता फोडता.

प्रत्येक यंत्राला पत्ता. चार आकडे, मधे टिंबं.
आमच्याकडे पहिले तीन म्हणजे गल्ली, चौथा घराचा.
गल्लीतल्या गल्लीत नुसती हाळी द्यायची.
बाहेर जायचं तर वेशीतून.
आणि पत्ता मालकीचा नसतो, भाड्यानं मिळतो,
मुदत सरली की पुन्हा मागायचा.
इथे मी अक्रोड फोडायची थांबले.
सोखुमी सुटलं तेव्हा वीस वर्षांची होते,
तेव्हापासून हे मला पाठ आहे.

पिंग म्हणजे हाक.
ओ आली तर समोरचा आहे.
नाही आली तर नाहीच, असं धरू नका, पुस्तक सांगतं,
कोणी मुद्दामही गप्प बसतं.

आता दुखणं असं, की संध्याकाळी सहाला
लेबलांचा प्रिंटर मुका व्हायचा.
नुगझार त्याला बुक्क्या मारायचा, मालक म्हणायचे, नवा घ्या.
मी एकेकाला हाका मारत बसले.
एक ते चाळीस, सगळे ओळखीचे.
पुढे शुकशुकाट.
आणि सत्त्याहत्तरनं ओ दिली.

सत्त्याहत्तर कोण?
सकाळी नसायचा. सहाला यायचा, पहाटे जायचा.
आला की पत्ते वाटायला बसायचा,
एका घरात दुसरा कारभारी.
सहाला पाळी बदलते, प्रिंटर बंद होऊन चालू होतो,
डोळे चोळत पत्ता मागतो,
आणि जो आधी बोलेल त्याचं ऐकतो. त्यांच्यात तशीच रीत.
ह्यानं त्याला वजनकाट्याचा पत्ता दिलेला.
एक दार, दोन पाट्या.

एक तार ओढून पाहिली. छतात काहीतरी हललं.
तिच्या मागे मागे गेले,
बाटल्या धुण्याच्या पट्ट्यावरून, खिडकीतून, द्राक्षवेलीतून
थेट पहारेकऱ्याच्या खोपटात.

वालिको उठून उभा राहिला, टोपी हातात.
बिस्किटांच्या डब्यात जुना राउटर, फोनच्या पडद्यावर काळोख,
काळोखात चार पांढरी खोकी.
"मधमाश्या," म्हणाला. "राचात, माझ्या गावी.
गेल्या साली अस्वलानं एक पेटी नेली."
बारा वर्षं हा माणूस आमचं फाटक राखतोय
आणि बघतोय दुसरीकडेच.

मी ओरडणार होते. तोंडही उघडलं होतं.
पण पडद्यावर काहीतरी हललं आणि आम्ही दोघं वाकलो.
कुत्रं होतं.

तार पिवळ्या भोकातून काढली, शेजारच्या निळ्यात घातली.
पुस्तकात हे एका ओळीत आहे,
मला तिथवर यायला पाच महिने लागले.
प्रिंटर बोलला. नुगझार अजून म्हणतो, बुक्कीनं.

मग चुकलेल्या लेबलांच्या पाठीवर
तारांची नावं लिहिली, एकेकीला चिकटवली:
काटा. फाटक. पगार. मालकांचा टीव्ही.
वालिकोला सत्त्याहत्तरच दिला, भाड्याशिवाय,
यादीत नोंदवून, कायमचा.
निळ्या भोकातून आता तो ओ देत नाही.
तरी रात्री निघताना मी एकदा हाक मारते.

परवा तपासणीला आलेल्या मुलीनं
एक लेबल उलटसुलट करून पाहिलं.
"हे काय, 'अस्वल'?"
मी म्हटलं, त्याला हात लावू नका.
आणि कशाला, तेही सांगितलं.